बाथरूममधला हापूस

शर्मिला शाळेतून आली, दारातच थांबली आणि पर्स खांद्यावरून उतरवायच्या आधीच म्हणाली, "घरात आंबा आहे."

हॉलमध्ये त्या वेळी दोन माणसं होती. एक तिचा नवरा हरीश, जो त्या दिवशी ऑफिसातून लवकर आला होता आणि नुकताच बाथरूममधून बाहेर पडला होता. दुसरे तिचे वडील जयरामअप्पा, जे सोफ्यावर पाय वर घेऊन बातम्या बघत बसले होते. दोघांनीही नकारार्थी माना हलवल्या. आणि आंबा नव्हता हे खरंच होतं. एप्रिल संपत आला होता, कुवेतच्या अब्बासिया भागातल्या झाडून सगळ्या वाण्यांच्या दारात हापूसच्या पेट्या रचलेल्या होत्या, आणि या एका घरात मात्र आंब्याचं सालसुद्धा आलेलं नव्हतं. त्याला तसंच कारण होतं.

अप्पांची देवगडजवळ सत्तर कलमांची बाग. जन्मभर त्यांनी आंबा पिकवला, विकला आणि विकून उरला तो मनसोक्त खाल्ला. अडुसष्टाव्या वर्षी साखर निघाली. एकाहत्तराव्या वर्षी पायाच्या अंगठ्याला जखम झाली ती काही केल्या भरेना, तेव्हा लेकीने व्हिजिट व्हिसा काढून त्यांना कुवेतला आणलं. इथल्या डॉक्टरने सांगितलं, साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल. नेमकी त्याच सुमारास हरीशच्या छातीत झोपेत शिट्टी वाजायला लागली होती. बावीस वर्षं तो सिगारेट ओढत होता. शर्मिला इथल्या एका भारतीय शाळेत पाचवी ते आठवीची सुपरवायझर आहे. तिने पाडव्याच्या दिवशी वडिलांना आणि नवऱ्याला देव्हाऱ्यासमोर शेजारी शेजारी बसवलं.

कोकणात एखादी वस्तू सोडणं ही बोलण्याची गोष्ट नसते. उजव्या हातावर पाणी घ्यायचं, वस्तूचं नाव घ्यायचं आणि पाणी ताम्हनात सोडायचं. सोडलेली वस्तू मग तोंडाला लावायची नाही. अप्पांनी डोळे मिटून आंबा सोडला. सोडताना त्यांचा हात जरा जास्तच वेळ ताम्हनावर राहिला, पण सोडला. हरीशची पाळी आली तेव्हा शर्मिलाने काहीच मोघम ठेवलं नाही. "सिगारेट, विडी, तंबाखू, आणि निकोटीन म्हणून ज्यात ज्यात असेल ते सगळं," असं तिने शाळेतलं परिपत्रक वाचावं तसं वाचलं आणि हरीशकडून वदवून घेतलं. अप्पांना जड जाऊ नये म्हणून उरलेल्या दोघींनीही, म्हणजे शर्मिलाने आणि बारा वर्षांच्या उर्वीने, यंदा घरात आंबा आणायचा नाही असं ठरवलं.

हरीश नऊ दिवस टिकला. ते नऊ दिवस त्याने कसे काढले ते त्यालाच ठाऊक. दहाव्या दिवशी मिरकाबच्या ऑफिसात टेबलावर त्याने इतक्या जोरात माऊस आपटला की शेजारचा अफताब उठून आला. अफताबने त्याला जिन्यात नेलं आणि खिशातून बोटभर लांबीची एक रंगीत नळी काढली. व्हेप. विजेवर चालते, धूर नाही, राख नाही, नुसती वाफ.

"तुमने सिगरेट छोड़ी है ना, हरीश भाई? वो तो छूटी ही है," अफताब म्हणाला. "ये तो बीच का रास्ता है."

मधला रस्ता म्हटल्यावर हरीशला एकदम हायसं वाटलं. त्याने रात्री मोबाइलवर वाचून मनाशी पक्कं केलं की हा एक जिना आहे. आधी धूर सोडायचा, मग निकोटीन कमी कमी करत न्यायचं, मग एक दिवस काहीच नाही. योजना चांगली होती. फक्त त्या जिन्याच्या पहिल्याच पायरीवर हरीश सतरंजी अंथरून बसला आणि पुढच्या पायरीचं नाव काढेना.

दुकानात त्याने वासाचा विचार मात्र फार केला. पुदिना नको, कारण तोंडाला पुदिन्याचा वास येणारा नवरा काय लपवतो हे शर्मिलाला बावीस वर्षं माहीत होतं. कॉफी नको, तंबाखू तर नकोच. मग आंबा दिसला. आंब्यासारख्या गरीब फळावर कोण संशय घेणार, असं त्याला वाटलं. हरीश पुण्याचा. पुण्याच्या माणसाच्या दृष्टीने आंबा हा खायचा पदार्थ असतो, देवगडच्या माणसाचा तो नातेवाईक असतो, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. ज्या घरात आंबा येणार नाही असं ठरलंय, त्याच घरात आपण आंब्याचा वास घेऊन चाललोय, हे तर अजिबातच आलं नाही. नळी त्याने हॉलजवळच्या बाथरूममध्ये गीझरच्या मागे, वरच्या कडेवर ठेवली. तिथे पंखा होता. दार लावायचं, पंखा लावायचा, चार झुरके घ्यायचे. बारा दिवस सुखात गेले.

आणि आज शर्मिला दारात उभी राहून हवा हुंगत होती.

ती आधी स्वयंपाकघरात गेली, मग फ्रिज उघडला, वॉशिंग मशिनमध्ये डोकावली, अप्पांच्या बॅगेची चेन ओढून पाहिली. मग बाथरूमच्या दाराशी क्षणभर थांबली.  पण बाथरूममध्ये आंबा कोण ठेवेल? ती मागे फिरली आणि वडिलांसमोर येऊन बसली.

"अप्पा, खरां सांगा. आंबो खाल्ल्यात?"

"मी आंबो खावक नाय," अप्पा म्हणाले आणि त्यांनी टीव्ही बंद केला.

शर्मिलाने साखर मोजायचं यंत्र आणलं आणि त्यांचं बोट टोचलं. दोनशे बारा. मागच्या आठवड्यात एकशे साठ होती. तिने आकडा वहीत लिहिला आणि वही अप्पांच्या समोर तशीच उघडी ठेवून आत गेली. अप्पा त्या आकड्याकडे बघत बसले. हरीशने त्याच वेळी तोंड उघडायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण बावीस वर्षांत पहिल्यांदाच बायको त्याच्याकडे अभिमानाने बघायला लागली होती, आणि साखर तर खरीच वाढली होती. कदाचित म्हातारा खरंच खात असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि तो कपडे बदलायला गेला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा वास आला. तिसऱ्या दिवशीही आला. याचं हरीशला नवल वाटलं, कारण भीतीमुळे त्याने दिवसाला दोनच झुरके ठेवले होते. नळी महिनाभर पुरेल असं दुकानदार म्हणाला होता, ती पंधरवड्यातच कोरडी पडली. आपली ओढ आपल्याला कळते त्यापेक्षा जास्त आहे की काय, असं त्याला वाटलं. तो नवी आणायला गेला. आता निदान वास तरी बदलावा, असं दुकानाच्या दारापर्यंत त्याच्या मनात होतं. मग त्याला वाटलं, घरात एकदम दुसराच वास आला तर शर्मिला नव्याने शोध सुरू करील. आंब्याच्या वासाला घरात एक धनी आधीच मिळालेला होता. हा विचार त्याने पुरता होऊ दिला नाही, पण नळी मात्र आंब्याचीच घेतली.

घरात आता अप्पांवर पहारा सुरू झाला. शर्मिला जाताना फ्रिजला टाळं लावत नव्हती एवढंच. शाळेतून दर तासाला फोन. अप्पा खाली फिरायला निघाले की उर्वी सोबत. ते परत आले की खिसे. एकाहत्तर वर्षांच्या माणसाने पायजम्याचे खिसे उलटे करून दाखवायचे, आणि बारा वर्षांच्या नातीने म्हणायचं, "सॉरी आजोबा, मम्मा सेड." अप्पा पहिल्या दिवशी रागावले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी "खावक नाय" एवढंच सांगितलं. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी तेही सांगायचं सोडलं. ते गप्प झाले आणि वरचेवर बाथरूमला जाऊ लागले. साखर वाढली की असंच होतं, असं म्हणून शर्मिलाने तेही वहीत लिहिलं. वहीत आता दोनशे चाळीस होते.

एक गोष्ट मात्र ते रोज करत. संध्याकाळी उर्वीला समोर उभी करून दशावतारातला एक प्रवेश शिकवत. तरुणपणी गावच्या जत्रेत ते स्वतः संकासुर होत असत. येत्या शुक्रवारी मराठी मंडळाचा महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम होता आणि त्यात उर्वी संकासुर होणार होती. जिचं मराठी एरवी "हो" आणि "नको" यांच्या पलीकडे जात नसे, ती पोर आजोबांच्या समोर कमरेवर हात ठेवून खणखणीत आवाजात ब्रह्मदेवाला आव्हान देत होती. त्या अर्ध्या तासात अप्पांना ना अंगठा आठवत होता, ना वही.

शनिवारी, म्हणजे पहाऱ्याच्या चौथ्या दिवशी, हरीश बाथरूममध्ये गेला, गीझरमागे हात घातला आणि गार पडला. नळी तो नेहमी तोंड भिंतीकडे करून ठेवी. आज तिचं तोंड बाहेर होतं. उर्वीचा हात तिथे पोहोचत नव्हता. शर्मिलाचा पोहोचला असता तर एव्हाना अख्ख्या इमारतीला कळलं असतं. राहिले अप्पा.

जेवताना त्याने अप्पांकडे चोरून पाहिलं. अप्पा भाकरीचा तुकडा मोडत होते आणि ताटातून नजर वर करत नव्हते. शर्मिला त्यांना पुन्हा काहीतरी टोचून बोलली, तरी ते गप्प. हरीशला सगळा उलगडा झाला. म्हाताऱ्याला सगळं माहीत होतं. नळी कोणाची, वास कशाचा, सगळं. आणि तरी लेकीचा संसार नासू नये म्हणून तो माणूस आपल्यावरचा आळ मुकाट्याने सोसत होता.  हरीशला खरोखर लाज वाटली. आणि लाज वाटली तरी सांगायचं धैर्य झालं नाही, म्हणून त्याने लाजेपोटी एक खोटं उभं केलं.

"अगं, तो वास खालून येतो," तो म्हणाला. "रुकय्याभाभी आंब्याचा मुरंबा करतायत वाटतं. डक्टमधून आपल्या बाथरूममध्ये चढतो."

शर्मिलाने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर इतकं बरं वाटल्याचं दिसलं की हरीशला वाटलं, सुटलो. अप्पांनीसुद्धा त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा ताटात पाहिलं.

आता रुकय्याभाभी म्हणजे हैदराबादच्या. तीन मजले खाली राहायच्या. सोमवारी लिफ्टमध्ये शर्मिलाची त्यांच्याशी गाठ पडली आणि तिने सहज, चांगुलपणाने सांगितलं की तुमच्या मुरंब्याचा वास फार छान येतो. रुकय्याभाभींनी मुरंबा केलेला नव्हता. पण शेजारणीने आपल्या रांधपाच्या वासाचा विषय काढला याचा अर्थ त्यांच्या घरी एकच होत असे. तिला तो खावासा वाटतोय आणि मागायला संकोच वाटतोय. मंगळवारी सकाळी त्यांनी वाण्याकडून पाच किलो आंबे आणले, दुपारपर्यंत ते पाकात शिजवले आणि काचेचा मोठा वाडगा भरून असमाच्या, म्हणजे मोठ्या मुलीच्या, हातात दिला.

घरात एकटे अप्पा होते. असमाने वाडगा त्यांच्या हातात दिला, "अम्मी ने भेजे" म्हणाली आणि निघून गेली. अप्पा दार लावायचंही विसरून त्या वाडग्याकडे बघत उभे राहिले. केशरी फोडी, वर वेलदोडा. महिनाभरात त्यांनी आंबा इतक्या जवळून पाहिला नव्हता. किती वेळ उभे राहिले कोण जाणे. परीक्षा चालू असल्यामुळे शर्मिलाची शाळा त्या दिवशी लवकर सुटली होती, आणि ती लिफ्टमधून बाहेर आली तेव्हा तिला दिसलं ते हे, की उघड्या दारात आपले वडील मुरंब्याचा वाडगा छातीशी धरून उभे आहेत आणि आतून, बाथरूमच्या बाजूने, आंब्याचा दाट वास येतोय.

तिने वाडगा त्यांच्या हातातून काढून घेतला. मग खाली फोन लावला, आभार मानायला.

"अरे, शुक्रिया किस बात का," रुकय्याभाभी म्हणाल्या. "मैं तो आज पैले बार बनाई. आप लिफ्ट में बोले ना, तो मेरेकु लगा दिल चाह रहा होगा."

हरीश सहा वाजता घरी आला तेव्हा शर्मिला जेवणाच्या टेबलाशी बसून त्याची वाट बघत होती. आवाज चढलेला नव्हता. त्याला तेच जास्त भयंकर वाटलं.

"तू त्यांना आंबे आणून देतोस," ती म्हणाली.

हरीशने ऑफिसची बॅग खुर्चीवर ठेवली.

"खाली कोणी मुरंबा करत नव्हतं. तू खोटं बोललास, त्यांना वाचवायला. मला कळतं रे, तुला त्यांची दया येते. स्वतः एवढं कठीण व्यसन सोडलंस, म्हणून दुसऱ्याची तळमळ तुला बघवत नाही." तिचे डोळे भरून आले. "पण त्यांचा पाय जाईल, हरीश. मला बाप धडधाकट परत पाठवायचाय."

शिव्या दिल्या असत्या तर हरीशने सोसल्या असत्या. हे कौतुक त्याला सोसवेना. तो "शर्मिला, ऐक" म्हणेपर्यंत तिने पुण्याला भावाला, देवेंद्रला, फोन लावला होता. देवेंद्रच्या घराशेजारी मधुमेहाच्या रुग्णांना ठेवून घेणारं एक केंद्र होतं. तिथे फाटकाला पहारेकरी होता आणि दोन्ही वेळा उकडलेल्या भाज्या मिळत. तिकीट गुरुवारचं निघालं. कार्यक्रम शुक्रवारी होता. उर्वीने दार आपटून घेतलं आणि आतून ती रडत म्हणाली, "आय ॲम नॉट डुइंग इट विदाउट आजोबा. कॅन्सल मी ऑल्सो." अप्पांना कळवलं तेव्हा ते नुसतं "बरां" म्हणाले. बाथरूममध्ये गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. रडत असतील, असं समजून हरीश बाहेर पॅसेजमध्ये फेऱ्या घालत राहिला.

गुरुवारी तो ऑफिसातून दुपारीच निघाला. वाटभर त्याने वाक्य घोकलं. घरी पोहोचला तेव्हा शर्मिला हातातल्या काट्याला बॅग अडकवून वजन बघत होती, आणि अप्पा प्रवासाची पँट आणि इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीच्या कडेला बसले होते. पायात मोजे होते. त्यातल्या एका मोज्यात अंगठ्याचं बँडेज फुगलेलं दिसत होतं. ते बँडेज पाहिलं आणि हरीशने घोकलेलं सगळं विसरून सरळ बाथरूममध्ये जाऊन गीझरमागची नळी आणली आणि टेबलावर ठेवली.

"हा आंबा माझा आहे," तो म्हणाला.

शर्मिलाने बॅग खाली ठेवली. नळी उचलून नाकाशी नेली. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही, मग एकेक दिवस मागे जात असल्यासारखं सगळं उमटत गेलं. फ्रिज, खिसे, वही, दारातला वाडगा. हरीशने सगळं सांगितलं. नऊ दिवस, अफताब, मधला रस्ता, मुरंब्याची थाप. अप्पांना पहिल्यापासून माहीत होतं आणि तरी त्यांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही, हेही सांगितलं. 

"तुझ्याशी मी नंतर बोलते," शर्मिला त्याला म्हणाली. मग ती वडिलांच्या पायाशी जमिनीवर बसली आणि तिने तो मोजा घातलेला पाय हळूच मांडीवर घेतला. "अप्पा, चुकलंय मी. माका माफ करा."

अप्पांनी पाय मागे ओढायला पाहिलं. शर्मिलाने डोळे पुसले, फोन उचलला आणि तिकीट रद्द करायला स्वयंपाकघरात गेली. एजंटने तिला थांबवून ठेवलं होतं. फोनमधून वाजणारी गाण्याची धून बाहेरपर्यंत ऐकू येत होती.

हरीश सासऱ्यांसमोर हात जोडून उभा राहिला. "अप्पा, तुमचे उपकार कसे फेडू?"

अप्पांचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. ते टेबलावरच्या नळीकडे बघत होते.

"ता तुमचा, ह्या माका ठावक होता," ते खालच्या आवाजात म्हणाले. "पैल्या दिवशी मी नुसतो वास घेतलंय. इतके दिवस आंबो नाय, जीव कासावीस झालो. वास देवगडचो नाय, पण बरो होतो." ते थांबले. "मगे तोंडात धरलंय."

"काय केलंत?"

"ओढलंय. खावचो नाय म्हणान पाणी सोडलंय, ओढूचो नाय असा मी खंय म्हटलंय?" अप्पांनी पहिल्यांदाच जावयाकडे पाहिलं. त्या नजरेत कसलाही थोरपणा नव्हता, नुसती भीती होती. "सुरवातीक एक वेळ. आता धा वेळ होता. सकाळी ता घेतल्याशिवाय डोळो उघडणा नाय."

 हरीशने शेजारची खुर्ची ओढली आणि तो बसला. नळी पंधरवड्यात का संपली, वास दिवसभर कुठून येत होता, म्हातारा बाथरूममध्ये काय करत होता, सगळं एकदम त्याच्या अंगावर आलं. निकोटीनने साखर चढते असं त्याने त्या रात्री मोबाइलवर वाचलं होतं आणि आपल्याला साखर नाही म्हणून पुढे सरकवलं होतं. ज्या माणसाने एकाहत्तर वर्षांत विडीला हात लावला नव्हता, त्याच्या तोंडात हरीशने ती नळी ठेवली होती. गीझरच्या मागे, त्याच्या हाताला येईल अशी.

"माका सुटणा नाय, जावयबापू," अप्पा म्हणाले. "तुमी सिगारेट सोडल्यात मा? कशी सोडल्यात, ता माका सांगा."

  बावीस वर्षांत हरीशने काहीच सोडलं नव्हतं. सोडल्याचं पाणी तेवढं सोडलं होतं.

"मी नाही सोडली, अप्पा," तो म्हणाला. "मी नुसतं भांडं बदललं."

अप्पांनी मान हलवली.  मग अप्पा खुर्चीतून पुढे वाकले आणि आतला कानोसा घेत कुजबुजले, "आज सोडूया. दोघां मिळान. पण तेच्या आधी एकच. एक तुमी, एक मी. शेवटचो."

शेवटचो. हे वाक्य हरीशच्या ओळखीचं होतं. दर पाकिटाला त्याने ते स्वतःला ऐकवलं होतं आणि दर वेळी ते खरं वाटलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून ते त्याने आज पहिल्यांदा ऐकलं, आणि त्याला बायकोची, सासऱ्यांची, डॉक्टरची कोणाची वाटली नव्हती एवढी भीती त्या एका शब्दाची वाटली. तरीसुद्धा त्याचा हात टेबलाकडे गेला. अप्पांचाही गेला. नळीवर दोघांची बोटं एकमेकांना लागली.

दाराशी शर्मिला उभी होती. फोन तिच्या कानाला होता आणि धून थांबली होती. तिने एकदा नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, एकदा बापाच्या. पंधरा वर्षं तिने वर्गाच्या मागच्या बाकावरची पोरं पाहिली होती. तिला आणखी काही विचारावं लागलं नाही. ती पुढे आली, दोघांच्या हाताखालून तिने नळी काढून घेतली आणि मुठीत धरली.

"नाही, रद्द करू नका," ती फोनमध्ये शांतपणे म्हणाली. "गुरुवारऐवजी शनिवारचं करा. उद्या मुलीचा कार्यक्रम आहे. आणि एक नाही, दोन तिकिटं द्या."

पलीकडून एजंटने काहीतरी विचारलं.

"दुसरं हरीशच्या नावाने. हो, पुण्यापर्यंतच," ती म्हणाली. "परतीचं? ते दोघांचं सुटलं की कळवते."